राज्यसचिवांचा धर्मपुत्र

मंत्रालयातला राज्यसचिव म्हणजे कोण, हे बुखारेस्टमधल्या कुठल्याही टॅक्सीवाल्याला विचारा. पूल बांधून झाला की फीत कापायला मंत्री जातात, आणि पूल खचला की खेद व्यक्त करायला राज्यसचिव जातात. संसदेत अभिनंदनाचा ठराव असेल तर मंत्री वेळेआधी हजर असतात. प्रश्नोत्तरं असतील तर त्यांना नेमकं बाहेर काम निघतं, आणि त्यांच्या रिकाम्या खुर्चीशेजारी उभं राहून राज्यसचिव बोलणी खातात.

तिबेरिउ ब्राटोसिन यांनी वाहतूक खात्यात ही चाकरी इतकी निष्ठेनं केली होती, की त्यांच्या तोंडात स्वतःचं असं वाक्यच उरलं नव्हतं. बोलण्याची सुरुवात "मंत्रिमहोदयांच्या वतीने" अशी व्हायची आणि शेवट "मंत्रिमहोदयांच्या कानावर घालतो" असा. एकदा बायकोनं विचारलं, बैठकीचे पडदे बदलू या का? तर हे गंभीरपणे म्हणाले, आपला मुद्दा रास्त आहे, वर कळवतो. ती माउली वरच्या उत्तराची वाट न बघता बाजारात गेली आणि हिरवे पडदे घेऊन आली. माणूस मात्र मनानं निर्मळ. मंत्री आले आणि गेले, पण तिबेरिउंनी कुणाचं वाईट चिंतलं नाही, आणि कुणाचं भलं करायची पाळीही त्यांच्यावर कधी आली नाही.

तर अशा तिबेरिउंना मंत्र्यांनी एका शुक्रवारी बोलावलं. डोंगरात फ्रासिनेल नावाचं गाव होतं. तिथे एक बाक, एक पत्र्याची शेड आणि एक लिंडनचं झाड एवढाच रेल्वेचा थांबा. सकाळी एक गाडी थांबायची, संध्याकाळी एक. हा थांबा बंद करायचा आदेश तयार होता. फक्त नियम असा, की सही करण्याआधी गावात जाऊन लोकांचं ऐकून घ्यायचं.

"तुम्हीच ऐका आणि तुम्हीच सही करा," मंत्री म्हणाले. "तुमचं अक्षर चांगलं आहे."

चांगल्या बातमीच्या कागदावर मंत्र्यांचं अक्षर नेहमी चांगलं यायचं, हे तिबेरिउंना ठाऊक होतं. त्यांनी आदेश बॅगेत ठेवला आणि रविवारी सकाळच्या गाडीनं निघाले. गाडीनंच जाणं भाग होतं, कारण फ्रासिनेलच्या रस्त्यावर बैलाचाही पाय मुरगळतो. म्हातारे दवाखान्यात, पोरं शाळेत आणि बायकांचं चीज बाजारात, सगळं काही त्याच गाडीनं जायचं.

वाटेत त्यांनी शिव्या खायची तयारी केली. घोषणा, फलक, एखादा कुजका टोमॅटो, सगळं धरून चालले होते. उतरले तर काय, समोर भरतकाम केलेल्या रुमालावर पाहुण्याच्या स्वागताचा पाव आणि मीठ घेऊन पोरी उभ्या. त्यांच्यामागे गावचे धर्मगुरू, फादर ग्रिगोरे. पिंपासारखी छाती आणि असा गळा, की नुसतं "या" म्हणाले तरी झाडावरचे कावळे उडावेत. फादर म्हणाले, सभा होईल सावकाश, आधी प्रार्थनेला चला.

आता फादर ग्रिगोरेंचं गाणं म्हणजे काय सांगावं. ते बायबल वाचत नसत, गात. प्रवचनसुद्धा गात. त्या दिवशी जक्कयाची कथा लावली होती. तो बुटका जकातदार, प्रभू दिसावा म्हणून झाडावर चढलेला. "खाली उतर, आज मला तुझ्या घरी यायचंय," हे वाक्य फादरनी असं काही वर नेऊन हळूच खाली आणलं, की पुढच्या रांगेतल्या म्हाताऱ्यांनी डोळे पुसले, आणि सरकारी माणूस उगीचच आपण बसलेल्या खुर्चीच्या उंचीकडे बघू लागला.

प्रवासात असणाऱ्यांसाठी जी प्रार्थना असते, ती फादरनी गायली, पाण्यावरच्यांसाठी, जमिनीवरच्यांसाठी, हवेतल्यांसाठी. मग श्वास घेतला आणि तीच चाल धरून "आणि यापुढेही जे रेल्वेनं जातील त्यांच्यासाठी" असं जोडून दिलं. अख्ख्या चर्चनं "प्रभो, दया कर" म्हटलं. तिबेरिउंनीही म्हटलं. म्हटल्यावर त्यांच्या लक्षात आलं.

उपासना संपली, तसे फादर त्यांच्याजवळ आले आणि हळू आवाजात म्हणाले, एक अडचण झालीय. सुताराच्या इलिंकाचं बाळ आज बाप्तिस्म्याला आणलंय. पाणी तापलंय, आणि धर्मबाप, म्हणजे बाळाचा देवासमोरचा जन्मभराचा पालक, व्हायचा तो पेत्रू इटलीत तापानं फणफणलाय.

बाप्तिस्म्याला कुणी धर्मबाप व्हायला सांगितलं तर नाही म्हणायचं नसतं. ही गोष्ट त्या देशात न्हाव्यापासून न्यायाधीशापर्यंत सगळ्यांना माहीत. तरी तिबेरिउंनी सवयीनं सुरुवात केली, की मंत्रिमहोदयांच्या परवानगीशिवाय...

"बाळाला मंत्री नको," फादर म्हणाले. "दोन हात हवेत. शिवाय काम तुमच्या सवयीचंच आहे. बाळाला बोलता येत नाही, त्याच्या वतीनं बोलायचं."

हे तिबेरिउंना पटलं. वतीनं बोलण्यात त्यांचा हात कोण धरणार? त्यांनी बॅग खुर्चीखाली सरकवली. कुणीतरी झटकन त्यांच्या हातात बाळ दिलं. दुसऱ्यानं पांढरं कापड खांद्यावर टाकलं. तिसऱ्यानं कमरेइतकी उंच, फुलं गुंफलेली मेणबत्ती पुढे केली. इतक्या घाईत एवढी सजलेली मेणबत्ती आली कुठून, हा प्रश्न त्यांना पडायला हवा होता. पण बाळानं त्यांचा टाय धरला होता.

त्यांना दाराशी नेऊन मावळतीकडे तोंड करून उभं केलं. फादरनी सूर लावला आणि विचारलं, "सैतानाला सोडतोस का?"

तिबेरिउ खाकरले, आणि वर्षानुवर्षं संसदेत घासून गुळगुळीत झालेली जीभ आपोआप चालली. "आपला मुद्दा रास्त आहे. मंत्रिमहोदयांच्या कानावर घालतो."

मागे कुणीतरी फुसकन हसलं. मग एक बाई हसली, मग म्हातारे हसले, बाळ शिंकलं. तिबेरिउंच्या कानांच्या पाळ्या लाल झाल्या. फादर मात्र हसले नाहीत. सूर न सोडता, त्याच चालीत ते गायले, "मंत्र्यांचं मंत्र्यांपाशी. तुझं काय ते सांग."

"सोडतो," तिबेरिउ पुटपुटले.

"कोण सोडतो?"

"मी."

हा शब्द त्यांच्या तोंडून निघाला तेव्हा त्यांनाच तो परक्याचा वाटला. दुसऱ्यांदा विचारलं तेव्हा थोडा ओळखीचा झाला. तिसऱ्यांदा घुमटाला लागून परत आला. मग विश्वासाचं सूत्र, म्हणजे 'मी देवावर विश्वास ठेवतो' ही कबुली, म्हणायचं होतं. लहानपणी आईनं शिकवलेलं. मधे एका ओळीला ते अडकले, तर सगळ्या चर्चनं ती ओळ हलकेच उचलून त्यांच्या ओठांवर आणून ठेवली. बाळाला तीन वेळा पाण्यात बुडवून फादरनी त्यांच्या हातावरच्या कापडात दिलं, ओलं, लाल, रागावलेलं. नाव ठेवलं झाहारिया. तिबेरिउंना मूलबाळ नव्हतं. त्यांनी ते गाठोडं असं धरलं, की इलिंकाला ते परत मागायला दोनदा हात पुढे करावा लागला.

मग अंगणात जेवण. कोबीच्या पानात गुंडाळलेला खिमाभात, वर साय, आणि घरची प्लमची दारू. कोळशावर मांस भाजत असलेला एक तगडा गडी तिबेरिउंच्या ताटात वाढायला आला. त्याला बायका पेत्रू, पेत्रू म्हणून हाका मारत होत्या. तिबेरिउंनी इलिंकाकडे पाहिलं.

"ताप उतरला," ती म्हणाली.

थांब्याचा विषय कुणी काढला नाही. तिबेरिउंनीच दोनदा प्रयत्न केला, तर लोकांनी त्यांच्या ताटात आणखी वाढलं. निघताना इलिंका बाळाला घेऊन थांब्यापर्यंत पोचवायला आली. आतापर्यंतचं "साहेब" तिनं सोडून दिलं होतं.

"दादा, नाताळला धर्मबापाच्या घरी गोड पाव घेऊन जायची रीत आहे. याला घेऊन येईन मी बुखारेस्टला. दरवर्षी येईन."

"कशानं येशील?" तिबेरिउंनी विचारलं.

"गाडीनं," इलिंका साधेपणानं म्हणाली. "दुसरं आहे काय?"

ती गेली. तिबेरिउ लिंडनखालच्या बाकावर बसले. आदेश काढून मांडीवर ठेवला. पेन काढलं. सही केली तर नोकरी शाबूत, आणि त्यांच्याच अक्षरानं त्या पोराच्या आणि त्यांच्या घराच्या मधली वाट बंद. नाही केली तर उद्या त्यांच्या खोलीत दुसरा राज्यसचिव. त्यांना वाटलं, बाळाच्या वतीनं तर बोललो होतो, मग ते शब्द आपल्याच अंगाला का चिकटले? पेनाला टोपण लावून त्यांनी फोन फिरवला.

"झाली सही?" मंत्र्यांनी विचारलं.

"नाही. मी सही करणार नाही."

पलीकडून मंत्री म्हणाले, "कोण मी?"

"मी. तिबेरिउ."

आणि मग त्यांनी सगळं सांगितलं, पाणी, मेणबत्ती, नाताळचा पाव. राजीनामा उद्या टेबलावर ठेवतो, हेही सांगितलं. मंत्री मोठे झाले तरी जन्मले होते डोंगरातच.

"मुलगा की मुलगी?"

"मुलगा."

"तीन वेळा बुडवला?"

"तीन वेळा."

"मग झालं," मंत्र्यांनी उसासा सोडला. "धर्मबापाला अडवून मी कुठे जाऊ? माझी आई थडग्यातून उठून मारेल. राजीनामा राहू दे. पण एक ध्यानात ठेवा, थांबा वाचवायचा निर्णय माझा. पुढच्या महिन्यात येऊन उद्घाटन करतो."

"पण थांबा आहेच, साहेब. बंद झालाच नाही."

"मग परत करू."

तसंच झालं. बातमी चांगली होती, म्हणून मंत्री स्वतः आले, फुलं लावलेल्या गाडीनं. बँड वाजला. लिंडनच्या झाडापासून पत्र्याच्या शेडपर्यंत फीत बांधली होती. मंत्र्यांनी भाषण केलं, की मी पाहिलं, मी ठरवलं, मी वाचवलं. तिबेरिउ मागे उभे होते. एका हातावर मंत्र्यांचा कोट, दुसऱ्यावर झाहारिया. त्यांना त्यात काहीच वावगं वाटलं नाही. नेहमीचीच जागा, फक्त एक हात जास्त भरलेला.

फीत कापून होते न होते, तोच त्यांची नजर चर्चच्या अंगणाकडे गेली. तिथे कढईतून वाफ निघत होती. पेत्रू भिंतीला टेकून भयंकर खोकत होता. त्याच्या शेजारी एक तरुण बाई दुपट्यात गुंडाळलेलं तान्हं घेऊन उभी होती आणि फुलं गुंफलेली एक उंच मेणबत्ती पाठीमागे लपवत होती. फादर ग्रिगोरे घसा साफ करत मंत्र्यांकडे निघाले. जाताना त्यांनी गावच्या त्या खड्ड्यांच्या रस्त्याकडे एकदा प्रेमानं पाहिलं.

मंत्र्यांनीही वाफ पाहिली. त्यांनी मान वळवून हळूच विचारलं, "ब्राटोसिन, ते पाणी कशाला तापवतायत?"

उभ्या आयुष्यात तिबेरिउंनी मंत्र्यांच्या कानावर घातली नाही अशी गोष्ट नव्हती. त्यांनी झाहारियाच्या मुठीतून आपला टाय हळूच सोडवून घेतला.

"मला काही कल्पना नाही, साहेब," ते म्हणाले.