दिलेलं पाणी

पाणी मागायला नेमके तेच घर का निवडले, हे ललितने पौर्णिमेला सांगितले नव्हते. निवृत्तीनंतर दोघे भाड्याच्या कॅरव्हॅनने निघाले होते. पलंग, ओटा, न्हाणी सगळे गाडीतच असल्यामुळे वाटेत कोणाचे उपकार घ्यावे लागणार नाहीत, या विचाराने ललित सुखावला होता. पण अकोल्याच्या कडेला एका मोकळ्या प्लॉटवर सकाळी गाडी उभी केली तेव्हा तिची टाकी कोरडी पडली होती. रस्त्यापलीकडे धाबा होता. अलीकडच्या घरापुढे एक म्हातारी अंगण झाडत होती. ललित अंगणात गेला.

"बाई, गाडीत भरायला थोडं पाणी मिळेल का?"

"पान्याले काय नाई म्हनाचं? घ्या ना." म्हाताऱ्या पंचफुलाबाईंनी अंगणातल्या ड्रमचे झाकण स्वतःच काढले. "कुठचे तुमी?"

"मूळचा तिवशाचा. आता पुण्याला असतो."

"मंग तं घरचेच हा. पन एप्रिलात अकोल्याले काय पाहाले आले? ऊन?"

मागोमाग आलेली पौर्णिमा हसली. ललितने गाडीचा पंप ड्रममध्ये सोडला. दोनशे लिटरचा ड्रम बघता बघता तळाला गेला. बाई खराटा हातात धरून पाहत राहिल्या. राहिलेल्या बादलीभर पाण्याने ललितने गाडीची समोरची काच धुतली. मग दोघांच्या अंघोळी झाल्या, पौर्णिमेने कपडे धुऊन दोरीवर टाकले आणि ऑटो करून दोघे शहर पाहायला निघाले.

ऑटोवाल्याचे नाव जानराव. त्याने गाडी कुठे लावली ते विचारून घेतले आणि मान हलवली.

"तिकडं जास्त मुक्काम करू नोका, भाऊ. त्या भागात नळ आठव्या दिशी येते. परवा सोमवारी येऊन गेला, आता पुढच्या मंगळवारी. अन् बोअर मारावं तं खारं पानी. भांडं घासवत नाई त्यानं."

असदगडाच्या बुरुजावर पौर्णिमा फोटो काढत होती. ललितला खाली पसरलेल्या शहरात फक्त गच्च्यांवरच्या काळ्या टाक्या दिसत होत्या.

"त्या बाईंचा तो ड्रम आठ दिवसांचा होता," तो म्हणाला.

"मग त्यांनी नाही म्हणायचं होतं. आपण काही हिसकावून घेतलं नाही."

"त्या नाही म्हणणार नाहीत, हे मला ठाऊक होतं. म्हणूनच धाब्यावर गेलो नाही."

पौर्णिमेने फोन पर्समध्ये ठेवला. पुढे राजेश्वराच्या देवळात पिंडीवरच्या अभिषेकपात्रातून पाणी थेंबाथेंबाने पडत होते. ललित तिथे दोन मिनिटेही उभा राहू शकला नाही. दुपारचे बेत सोडून दोघे परतले. टाकीत अजून ऐंशी लिटर तरी पाणी असेल, ते परत देता येईल, असा हिशेब त्याने वाटेत मांडला.

अंगणाशी पोचताच घरातून आवाज आला. पंचफुलाबाईंची सून दीपमाला नुकतीच शाळेत शिकवून आली होती.

"आई, ड्रम कावून रिकामा हाय?"

"माह्याच हातून झालं माय. तोटी उघडी राह्यली."

"पुरा ड्रम वाहून गेला अन् तुमाले समजलं नाई? आता सहा दिवस भांडे कायनं घासू? मी म्हनतच होती, तुमचं ध्यान राह्यत नाई आता."

पौर्णिमेने ललितची बाही धरली. "आत्ता जाऊ नकोस. सुनेसमोर त्यांनाच खोटं पाडशील."

ते त्यालाही कळत होते. तरीही तो पुढे झाला.

"ताई, तोटी उघडी नव्हती. पाणी मी मागितलं, आईंनी दिलं."

दीपमालेने बाहेर येऊन त्याच्याकडे पाहिले, मग गाडीच्या लखलखीत काचेकडे, दोरीवरच्या कपड्यांकडे.

"अंघोळीपन झाल्या असतीन?"

"झाल्या."

"तुमाले कोनं बोलाले सांगतलं?" पंचफुलाबाई दारात आल्या होत्या. "माहं मी पाह्यलं असतं ना."

"टाकीत अर्धं आहे, आई. परत भरून देतो."

"देलेलं पानी वापस घेते का कोनी?"

"मी घेते," दीपमाला म्हणाली. "लावा पाइप. प्याले नाई चालाचं, भांड्याले होईन."

पंप सुरू झाला. ड्रम अर्ध्यावरही आला नाही. तेवढ्या वेळात दीपमाला एकदाही सासूकडे बघू शकली नाही, आणि सासू सुनेकडे. सकाळी या घरातून त्याने पाणी नेले होते. आता आणखीही काही नेत आहोत, असे ललितला वाटले.

पाइप गुंडाळून तो निरोप घ्यायला वळला, तर पंचफुलाबाई दोन कप घेऊन समोर उभ्या होत्या.

"चहा घ्या."

नको म्हणावे तर त्यांचा अपमान, घ्यावा तर पुन्हा त्यांचेच पाणी. पंचफुलाबाई त्याच्या चेहऱ्याकडे न पाहता कप पुढे धरून उभ्या राहिल्या. ललितने कप घेतला.