सांडव्यावरची दोन फूट भर

बोरजाईच्या तलावाच्या सांडव्यावर, जुन्या घडीव दगडांच्या वर, दोन फूट उंचीची नवी भर आहे. जुना दगड काळा, नवा निळसर. मधली सिमेंटची रेघ दुरूनही दिसते. ती भर माझ्या अर्जामुळे पडली. अर्ज उत्तम होता, हे मी आजही नाकारत नाही. माझी तक्रार नेमकी तीच आहे.

तासगावच्या कोर्टाबाहेर तीस वर्षे अर्जनवीस म्हणून बसल्यावर, १९७० साली मी खटाव-खानापूरच्या शिवेवरच्या या आमच्या गावी परतलो. तलावाचा पश्चिमेकडील काठ फार सौम्य उताराचा आहे. दिवाळीनंतर पाणी हळूहळू मागे सरे, आणि उघड्या पडलेल्या गाळात चार घरची माणसे हरभरा नि काकडी पेरत. या पेरणीला गाळपेर म्हणतात. मार्गशीर्षात त्याच उतारावर करकोचे उतरत. राखी अंग, काळी मान, डोळ्यांमागे पांढऱ्या पिसांचा झुपका. आधी आकाशातून आवाज येई आणि मग, बऱ्याच वेळाने, रांग दिसे.

बहात्तरच्या दुष्काळात तलावाचा तळ भेगाळला. रांग आली, एक फेरी मारून निघून गेली. पुढच्या वर्षी पाऊस झाला आणि करकोचेही परतले. मी मोजले, दोनशे अकरा होते. त्याच सकाळी मी गावच्या बादशहाला त्यांच्यावर गोफण फिरवताना पाहिले. गाळपेरीतला सर्वांत मोठा तुकडा त्याचा होता.

"बादशहा, लाज नाही वाटत? हजारो कोसांवरून आलेला पाहुणा आहे तो!"

"पाव्हणा ताटावर बसला तर वाढीन की, भाऊसो. ह्यो तर चुलीसकट उचलून न्हेतुया."

"म्हणून दगड मारतोस?"

त्याने मूठ उघडून दाखवली. "चिखलाचं गोळं हाईत. लागलं तर आंगूळ झाली म्हनंल. अन् दोपार झाली की मी गोफण ठिवतो बगा. तवा त्यास्नी पान्यात हुबं ऱ्हायाचं असतंय."

हे शेवटचे वाक्य मी ऐकले, पण विचारात घेतले नाही. माझा युक्तिवाद तोवर तयार झाला होता. गाळपेर आहे म्हणून गोफण आहे. पाणी मागे हटते म्हणून गाळपेर आहे. तेव्हा पाणी हटूच दिले नाही, तर गाळपेर नाही, गोफण नाही, आणि पक्ष्यांना विस्तीर्ण, निर्वेध जलाशय मिळेल. या मांडणीत एकही पायरी निखळलेली नव्हती. करकोचा पोहत नाही, एवढी गोष्ट मात्र तीत कुठेच आली नव्हती.

पक्ष्यांसाठी केलेला अर्ज कोणत्याही कचेरीत पहिल्या परिच्छेदापुढे वाचला जात नाही, हे मला धंद्याने शिकवले होते. म्हणून मी अर्ज पिण्याच्या पाण्यासाठी केला. सांडवा दोन फूट उंच करावा आणि फाल्गुन संपेपर्यंत तलावाची पाणी सोडायची मोरी उघडू नये, अशी मागणी सात मुद्द्यांत मांडली. चौथा मुद्दा असा: "गाळपेरीने होणारा चार घरांचा लाभ हा गावाच्या तहानेपुढे विचारात घेण्याजोगा नाही." हे वाक्य लिहून झाल्यावर मी ते स्वतःशीच दोनदा मोठ्याने वाचले. साऱ्या अर्जात पक्षी हा शब्द नव्हता.

चावडीपुढे ग्रामसभा भरली. सरपंच हंबीरराव, पलटणीतून सुभेदार होऊन आलेले, खुर्चीत बसले होते. अर्ज वाचून झाला आणि बादशहा उभा राहिला.

"पानी वाढवा, माझं काय म्हननं न्हाई. माझा तुकडा जाईल, जाऊं द्या. पर त्यो मावळतीचा उतार तेवढा सोडा. भर एक फुटाची करा. न्हाईतर पाखरू उतरंल कुठं?"

"आरं, कालपत्तूर गोफण घिऊन त्यांच्याच मागं लागला हुतास की!" हंबीरराव म्हणाले.

"घरात भांडान हुतंय म्हनून बायकूला कोन हाकलतंय व्हय, सुभेदार?"

सभा हसली. ती त्याच्या बाजूने हसली, आणि ते मला खपले नाही. त्या सभेत पक्ष्यांचे नाव घेणारा तो एकटाच होता. ज्यांच्यासाठी मी हा सारा खटाटोप मांडला होता त्यांचीच बाजू तो मांडत होता. मी उठून "हा खरे बोलतो" एवढेच म्हणायला हवे होते. पण तसे म्हणावे, तर अर्जाचा खरा हेतू उघडा पडला असता. शिवाय मी वाद हरलो असतो. या दोहोंपैकी कोणते कारण मोठे होते, ते आता सांगण्यात अर्थ नाही.

"किती पाणी लागते तुझ्या पाखराला?" मी विचारले. "माप सांग. पुरावा दे."

त्याने विजार वर खेचली आणि गुडघ्याखाली चार बोटांवर हात लावला. "एवढं. ह्याच्या वर न्हाई."

मी हंबीररावांकडे वळलो. "सुभेदार, सभेच्या इतिवृत्तात बादशहाची नडगी नोंदवून घ्यायची का?"

लोक बराच वेळ हसत राहिले. बादशहाने विजार खाली सोडली आणि तो बसला.

अर्ज मंजूर झाला. पंचाहत्तरच्या पावसाळ्याआधी भर पुरी झाली. त्या वर्षी तलाव काठच्या बाभळींच्या बुंध्यांपर्यंत भरला, विहिरींना पाणी चढले, आणि दसऱ्याला गावाने मला शाल आणि नारळ दिला. बादशहा तोवर बायकोला, रहिमतबीला, घेऊन तासगावच्या एका द्राक्षबागेत कामाला गेला होता.

मार्गशीर्षात, सकाळी अकराच्या सुमारास, आवाज आला. मी बांधावर जाऊन उभा राहिलो. रांग पश्चिमेच्या उतारावर खाली आली. पक्ष्यांनी पाय खाली सोडले, आणि पुन्हा मागे ओढून घेतले. त्यांनी तीन फेऱ्या मारल्या आणि ते उत्तरेकडे गेले. दुसऱ्या दिवशी साठएक आले, तेही गेले. तिसऱ्या दिवशी कोणी आले नाही. मी धोतर खोचून पाण्यात उतरलो. जेथे ते उभे राहत तेथे पाणी माझ्या मांडीला लागले.

त्या रात्री नव्हे, पण त्याच आठवड्यात, भर एक फूट उतरवावी, असा मी दुसरा अर्ज लिहिला आणि बादशहाची सही घ्यायला तासगावला गेलो. तो वेलींच्या मांडवाखाली वाकून काम करत होता. हात पुसून त्याने कागद घेतला, वाचता येत नसूनही वरपासून खालपर्यंत पाहिला.

"ह्यात पाखरांचं नाव हाय?"

"आहे. पहिल्याच ओळीत."

"मग पयल्या अर्जात का न्हवतं?"

"त्या वेळी कोणी ऐकले नसते."

"मी म्हनलो हुतो की," तो शांतपणे म्हणाला. "तुमीच ऐकलं न्हाई."

त्याने अंगठा उठवला. परत यायचे का, असे मी विचारले नाही. यायला जमीन पाण्याखाली होती.

तीन महिन्यांनी उत्तर आले. अर्जदाराच्याच आधीच्या अर्जातील मुद्दा क्रमांक चारचा आधार घेऊन कळविण्यात आले होते, की पक्ष्यांचा लाभ हा गावाच्या तहानेपुढे विचारात घेण्याजोगा नाही. मी कित्येक दिवस त्या वाक्याचे खंडन करू पाहिले. ते होत नव्हते. खंडन होऊ नये असेच तर मी ते बांधले होते. तहान आणि पाखरू यांतून एकच निवडायचे, हे मुळात कोणी ठरवले, असा प्रश्न त्याला विचारता आला असता. एक फुटाची भर दोघांनाही पुरली असती. पण तो मुद्दा बादशहाचा होता, आणि तो इतिवृत्तात नव्हता.

त्यानंतरही दरवर्षी मी बांधावर जातो. शहात्तरला रांगेने दोन फेऱ्या मारल्या. सत्याहत्तरला एक. यंदा, अठ्ठ्याहत्तरच्या मार्गशीर्षात, आवाज आला तेव्हा मी मान वर केली. रांग उंचावरून आली आणि वेग कमी न करता तलाव ओलांडून गेली. खाली पाहिल्याचीही खूण नव्हती.

गावातली बनुबाई म्हशींना पाण्यावर घेऊन आली होती. म्हशी पोटापर्यंत आत गेल्या.

"भाऊसो," ती म्हणाली, "तुमच्यामुळं पानी लय झ्याक ऱ्हातंय बगा."

"हो," मी म्हणालो. ते खरे होते.