दादाच्या गतीनं

मी एका थ्रॅश मेटल बँडचं शेंडेफळ बोलतोय. म्हणजे त्यांचा सगळ्यात धाकटा अल्बम. दचकू नका! गाणी सुरू झाली की कानठळ्या बसतात, पण एरवी मी शांत स्वभावाचा आहे.

माझी मोठी भावंडं जन्मली तेव्हा बँड तरुण होता. सगळी कशी सुसाट आणि आडदांड. माझ्या वेळेपर्यंत चौघांचे केस पिकले होते. एकाचे तर पिकायलाही उरले नव्हते. तालमीआधी गिटारवाला चष्मा शोधायचा आणि गायक कोमट पाण्याच्या गुळण्या करायचा. ड्रम वाजवायचा गायकाचा थोरला भाऊ. त्याला सगळे दादाच म्हणत.

दादाचं मनगट दुखायला लागलं होतं. शेवटचं गाणं सगळ्यात वेगवान. ते अर्ध्यावर आलं की त्याचा हात मागे पडायचा. ड्रम वाजवणं कायमचं सुटेल याची त्याला धास्ती होती. एकदा तो घरी गेल्यावर धाकट्या भावानं, म्हणजे गायकानं, रेकॉर्डिस्टकडून त्या गाण्याचे ड्रम कॉम्प्युटरवर बसवून घेतले. भावाची लाज राखावी, एवढाच हेतू.

दुसऱ्या दिवशी दादानं डोळे मिटून अख्खं गाणं ऐकलं.

"झकास वाजवलंय," तो म्हणाला. "कोण रे हा पोरगा? आता त्यालाच घ्या."

मला तर मेल्याहून मेल्यासारखं झालं.

धाकट्यानं ते सगळं पुसायला लावलं. "दादा, तू बस. तू वाजवशील तसे आम्ही येतो."

"अरे, हळू होईल."

"होऊ दे. लहानपणापासून तुझ्यामागे पळतोय, आता जरा चालू."

कानातली तालाची टिकटिक बंद करून ते वाजवायला बसले. मध्यावर दादा मंदावला आणि बाकीचे तिघंही त्याच्याबरोबर मंदावले. मला ते गाणं फार आवडतं.

मी बाहेर आलो तेव्हा लोक म्हणाले, "म्हातारे थकले." बोलणाऱ्याचं तोंड कोण धरणार?

दादाला आता ड्रमच्या काठ्या धरवत नाहीत. तो शांतपणे घरी असतो. मी लोकांच्या फोनमध्ये राहतो, आणि हल्ली काहीजण मला वेग वाढवून ऐकतात. बाकीची गाणी खुशाल पळवा. शेवटचं मात्र आहे त्याच गतीनं ऐका. त्यात एक माणूस शेवटचं वाजवतोय, आणि त्याला मागे टाकून कुणीही पुढे गेलेलं नाही. तुम्हीही जाऊ नका.