डोक्यावर पाच-डब्ल्यू-तीस

मी तेलाचं झाकण बोलतोय. इंजिनात तेल ओततात त्या तोंडावर फिरवून बसवतात ना, ते. माझ्या डोक्यावर कोरलंय ‘पाच-डब्ल्यू-तीस’. या आकड्यांनी माझं तर डोकं उठवलंच, पण मलेशियातल्या इपोह शहरातल्या एका नवरा-बायकोचा संसारही पार ढवळून काढला. त्यात माझी चूक किती, हे मला अजून ठरवता आलेलं नाही.

माझा जन्म जपानमधल्या एका कारखान्यातला. साच्यातून बाहेर पडलो तेव्हाच हे आकडे डोक्यावर होते, मला कुणी विचारलं नव्हतं. एका शिंपीणबाईच्या छोट्या गाडीवर मला बसवलं. बाई बाजारापर्यंत जायची आणि परत यायची. हिवाळ्यात बर्फ पडायचा, तरी आतलं तेल सकाळी झटकन वर चढायचं. त्या दिवसांत मला माझ्या आकड्यांचा अभिमान होता.

पुढे गाडी म्हातारी झाली. मग तिला मधोमध कापलं आणि पुढचा अर्धा भाग जहाजात घालून मलेशियाला पाठवला. अशा अर्ध्या गाड्यांचं इंजिन काढून दुसऱ्या गाडीत बसवण्याचा इथे मोठा धंदा आहे. माझं इंजिन कुणी नेलं, देव जाणे. मी मात्र अंकल सियोंगच्या गॅरेजात बिस्किटांच्या डब्यात, इतर पोरक्या झाकणांबरोबर पडून राहिलो.

एके दिवशी अंकलने डब्यात हात घातला, मला काढलं आणि एका दांडग्या टर्बो इंजिनावर फिरवून बसवलं. बसलो बुवा! शिंपीणबाईच्या गाडीवरून थेट शर्यतीच्या गाडीवर. पण ते इंजिन माझं नव्हतं, हे मी कुणाला आणि कसं सांगणार?

गाडी फिर्दौसची. शाळेत गणित शिकवणारा तरुण, पण जीव सगळा या गाडीत. आदल्या वर्षी त्याचं एक इंजिन फुटलं होतं. त्याची बायको मस्तुरा नवऱ्याला ‘अबांग’ म्हणते. गॅरेजात माझ्यासमोर कमरेवर हात ठेवून तिने बजावलं होतं, “अबांग, हे शेवटचं हं. हेही फुटलं तर गाडी विकायची आणि रविवारी घरात बसायचं.”

“कबूल,” फिर्दौस म्हणाला.

“अल्लाची शपथ घ्या.”

त्याने घेतली. मग प्रश्न आला, तेल कुठलं घालायचं? इथूनच माझ्या डोक्याचा भुगा व्हायला लागला.

“दहा-साठ घाल,” अंकल सियोंग म्हणाला. “ट्रॅकवर तेल उकळतं, जाड पाहिजे. बेअरिंगला फट मी मुद्दाम जास्त ठेवलीय.”

“परवा पन्नास म्हणालात की, अंकल!”

“म्हणालो असेन. की ते त्या निळ्या गाडीचं होतं?” अंकलने टक्कल खाजवलं.

मस्तुराचे वडील ट्रकवाले. ते म्हणाले, “माझ्या ट्रकात जन्मभर पंधरा-चाळीस. कुठे काय झालं?”

“तुमचा ट्रक डिझेलचा, आबाह. आणि ते ‘डब्ल्यू’ म्हणजे काय हो?” मस्तुराने विचारलं.

“हिवाळा,” फिर्दौस म्हणाला. “आधीचा आकडा थंडीतला, नंतरचा तापल्यावरचा.”

“इपोहमध्ये हिवाळा? मग एवढं डोकं कशाला पिकवता?”

सगळे हसले. मी हसलो नाही, कारण मला खरंच कळेना. जाड तेल घातलं तर इंजिन जड होतं म्हणे, आणि पातळ घातलं तर तेलाचा दाब घसरतो. मग बरोबर कोण? शेवटी अंकल दुसऱ्या गाडीखाली शिरल्यावर वैतागलेल्या फिर्दौसने माझ्या डोक्यावर बोट ठेवलं. “हे बघा! इंजिनावरच लिहिलंय, पाच-तीस. बनवणाऱ्यापेक्षा आपण शहाणे का?”

मला ओरडावंसं वाटलं, अरे बाबा, मी डब्यातला आहे! पण आपल्या डोक्यावरचं खोटं आहे म्हणून ओरडण्याएवढं तरी मला कुठे ठाऊक होतं? थंडीत ते खरंच होतं की.

रविवारी आम्ही सेपांगच्या शर्यतीच्या ट्रॅकवर गेलो. मस्तुराने नासी लेमकच्या, म्हणजे नारळाच्या दुधातल्या भाताच्या, पुड्या बांधून घेतल्या होत्या. फिर्दौसने तिलाही हेल्मेट घालून शेजारी बसवलं आणि सांगितलं, “मी रस्ता बघतो, तू तेलाच्या दाबाचा काटा बघ.”

पहिल्या फेऱ्या मजेत गेल्या. मग तेल तापलं. माझ्या पोटाशी ते पाण्यासारखं उडायला लागलं, चिकटपणा म्हणून राहिला नाही. एका लांब वळणावर खालून कोरडा खडखडाट ऐकू आला आणि मी समजलो, संपलं. तेवढ्यात आतून मस्तुराची किंकाळी आली, “अबांग, काटा खाली आला, पाय काढा! काढा म्हणते ना!” इंजिनाचा आवाज एकदम खाली आला आणि गाडी रखडत कडेला लागली.

बॉनेट उघडलं. फिर्दौसने माझ्या डोक्यावरचे आकडे पुन्हा वाचले. अंकल सियोंगला फोन लावला, तर तो सहज म्हणाला, “झाकणावर लिहिलंय? अरे, ते डब्यातलं. हाताला आलं ते बसवलं.”

इंजिन वाचलं होतं. जवळच्या दुकानातून पन्नासचं तेल आणलं, जुनं काढून ते घातलं आणि दोघं काट्याकडे टक लावून बसली. गरम झाल्यावरही काटा जागचा हलला नाही. साठने काय झालं असतं, कुणास ठाऊक.

बॉनेट लावण्याआधी फिर्दौसने हळूच विचारलं, “तू गप्प बसली असतीस तर गाडी आजच गेली असती. तुला तेच हवं होतं ना?”

“हवंच होतं. अजूनही हवंय.”

“मग ओरडलीस का?”

ती पुडी सोडत होती. पुडी त्याच्यापुढे सरकवून म्हणाली, “मागचं इंजिन फुटलं तेव्हा तुम्ही कित्येक दिवस भिंतीकडे बघत जेवत होतात. खा आता, भात गार होतोय.”

आता मस्तुराने स्क्रू-ड्रायव्हरने माझ्या डोक्यावरचे आकडे खरवडून टाकलेत. बरं झालं. मंडळी, गाडीला कुठलं तेल लागतं ते इंजिन बांधणाऱ्याला विचारा, काट्याला विचारा, माझ्यासारख्या उसन्या झाकणाला विचारू नका. पण जी गाडी जावी म्हणून बाई रोज दुवा मागते, तीच वाचवायला ती जिवाच्या आकांताने ओरडते, हे गणित मला काही सुटत नाही. तुम्हाला सुटलं असेल तर कधीतरी बॉनेट उघडून मला सांगा.