चौकटीत राहिलेला टवका

खरं म्हणजे मी बोलायचं नाही, असं ठरलं होतं. आज पहाटे जुन्या साडीत गुंडाळताना ओबुलम्माने मला बजावलं होतं, "गप पडून राहा बाई. कुणाला काही सांगू नकोस." लोखंडाला कोण विचारणार? पण आता सिनेमावाल्यांची जेवणाची सुट्टी झाली आहे. सगळे पत्रावळींवर वाकले आहेत आणि मला राहवत नाही. मी कोयती बोलतेय. वेळ थोडा आहे.

माझा जन्म कर्नूलकडच्या नल्लगुट्टपल्ले गावात, वीरय्या लोहाराच्या भट्टीत झाला. लॉरीच्या जुन्या पाट्याचं पोलाद, बाभळीची मूठ आणि मुठीवर तांब्याच्या तारेचे सात वेढे.

"कशाला हवी रे, मद्दिलेटी?" वीरय्याने विचारलं.

"बाभळी तोडायला."

"बाभळीला एवढी धार?"

"आमच्या बाभळी फार निबर आहेत, मामा."

वीरय्या हसला नाही. अशा निबर बाभळींसाठी त्याने बऱ्याच जणींना जन्म दिला होता.

पहिली दोन वर्षं मी खरोखर बाभळीच तोडल्या. मला वाटलं, माझं आयुष्य असंच जाणार. मी माणसांना तळव्यांवरून ओळखते. मद्दिलेटीचा तळवा कोरडा आणि उबदार होता. काम झालं की तो मला गवताने पुसायचा, तेल लावायचा. कुणी आपली काळजी घेतली की आपण त्याला चांगलंच समजतो.

मग ती दुपार आली. सारं गाव जत्रेला गेलं होतं. मद्दिलेटीने तोंडाला पंचा बांधला आणि मला उचललं. त्याचा तळवा ओला होता. तो लांब गेलाच नाही. शेजारच्याच घरात शिरला.

शेजारी रामांजुलु राहायचा. दोन मोठ्या माणसांचं वैर होतं. एकाच्या जीपमधून मद्दिलेटी फिरायचा, दुसऱ्याच्या जीपमधून रामांजुलु. रामांजुलु घरी कधी असतो, हे शेजाऱ्याइतकं कुणाला ठाऊक असणार? माझा पहिला घाव हुकला आणि दाराच्या चौकटीवर बसला. माझ्या टोकाजवळचा नखाएवढा टवका उडून त्या लाकडात रुतला. दुसरा घाव हुकला नाही.

रामांजुलुची बायको सुंकम्मा चुलीपाशी होती. तिला पंचा दिसला, चेहरा दिसला नाही.

त्या संध्याकाळी मद्दिलेटीने मला आपल्या बायकोच्या, ओबुलम्माच्या, पायांशी टाकलं. "विहिरीत टाकून ये," म्हणाला. ती गेली आणि परत आली. "टाकली," म्हणाली. पण मी कणगीत होते, नाचणीच्या तळाशी. तिथे मी अकरा वर्षं काढली. दाणे काढताना कधी तिची बोटं मला लागायची. ती चटका बसल्यासारखा हात मागे घ्यायची आणि मग बराच वेळ जात्याचा आवाज यायचा नाही.

दोन घरांमध्ये एकच मातीची भिंत. मला पलीकडचं सगळं ऐकू यायचं. हत्यार सापडलं नाही, साक्ष मिळाली नाही, खटला बुडाला. ते दोन मोठे लोक आता कर्नूलला एकाच सोफ्यावर बसतात म्हणे. मद्दिलेटी सुंकम्माचं छप्पर दर वर्षी शाकारून द्यायचा. उगादीच्या पाडव्याला तिच्याकडे गूळ पाठवायचा.

"वहिनी, तुमचा दरवाजा पार किडलाय. चौकटीसकट नवा बसवून देतो."

"छप्पर शाकारता तेवढं पुष्कळ झालं, अण्णा. चौकट राहू दे."

असं तो दर वर्षी विचारायचा आणि ती दर वर्षी हेच सांगायची.

मग गावात सिनेमा आला. मोठा हिरो, मोठ्या गाड्या, आणि गोष्ट आमच्यासारख्याच एका गावाची. हिरो आधी वीस माणसांना हवेत उडवतो आणि शेवटी सगळ्यांना हत्यारं टाकायला लावतो. वीसच्या वीस माणसं उडाली आणि कपडे झटकून जेवायला बसली, असं ओबुलम्मा घरी येऊन सांगत होती. पण तिच्या मनात दुसरंच बसलं होतं. पहिल्या दिवशी कॅमेऱ्याला हळदकुंकू लावलं, कापूर पेटवला, नारळ फोडला, मोठ्या दिग्दर्शकाने हात जोडले. आणि त्या कापरासमोर हिरो म्हणाला, "जे लोखंड या ढिगात पडेल, त्याचं पाप माझ्या माथी." लोकांनी टाळ्या वाजवल्या. ओबुलम्माने नमस्कार केला. ती सिनेमा बघतच नव्हती. तिच्या लेखी ती पूजा होती.

शेवटच्या प्रसंगाला काल अडचण आली, हेही तिनेच घरी येऊन सांगितलं. गावच्या बायका पुरुषांच्या हातातली हत्यारं काढून घेतात आणि ढिगावर फेकतात, असा तो प्रसंग. पण हत्यारं रबराची, चंदेरी रंग दिलेली. ढिगावर पडली की उड्या मारायची. एक तर उसळून दिग्दर्शकाच्या खुर्चीखाली गेलं. सगळे हसले, तो सोडून.

"मला लोखंडाचा आवाज पाहिजे!" तो कर्ण्यातून ओरडला. "एवढं मोठं गाव, कुणाकडेच खरी नाहीत?"

"कुठली साहेब? आम्ही तर सगळी केव्हाच विहिरीत टाकली," गाव एका सुरात म्हणालं.

आज उजाडताना शाळेच्या भिंतीआड शेहेचाळीस हत्यारं सापडली. कुणी ठेवली, कुणी पाहिलं नाही. सामान सांभाळणारा बाषा ती पोत्यात भरताना म्हणाला, "विहीर फारच उथळ दिसते तुमची." सगळ्यांनी एकमेकांकडे बघायचं टाळलं.

त्या शेहेचाळीसांत मी होते. ओबुलम्माला वाटलं होतं, कुणा परक्याच्या हातून मी ढिगावर पडेन आणि तिच्या नवऱ्याचं पाप उतरेल.

पण दिग्दर्शकाला मद्दिलेटीच्या मिशा आवडल्या. "याला पुढे घ्या. पहिल्या रांगेला लोखंडी द्या." बाषाने पोत्यात हात घातला आणि मला मद्दिलेटीच्या हातात दिलं.

त्याने तांब्याच्या तारेवरून अंगठा फिरवला. सात वेढे. त्याचा तळवा ओला झाला, त्या दुपारी झाला होता तसाच. त्याच्यासमोर, शेजारीण म्हणून, सुंकम्माला उभं केलं होतं.

"अक्का, नीट ऐका," दिग्दर्शक म्हणाला. "त्याच्या हातातून काढून घ्यायची. डोक्यावर उचलायची. त्याच्या डोळ्यांत बघायचं. मनात तीन मोजायचे. मग फेकायची."

तिने मला घेतलं, उचललं, आणि तिचं बोट माझ्या टोकाजवळच्या खाचेत गेलं. बोट तिथेच थांबलं. मग ते कडेकडेने फिरलं, सावकाश. मला वाटतं, तिने तीनच्या पुढे खूप मोजलं. शेवटी मी ढिगावर पडले आणि खणखणले.

"वा! हेच पाहिजे होतं! जेवून घ्या, मग हाच प्रसंग पुन्हा, जवळून!"

बाषाने मला पोत्याजवळ आणून ठेवलं. मद्दिलेटी नळावर हात धूत होता. पुन्हा धूत होता. ओबुलम्मा त्याच्या मागे जाऊन उभी राहिली.

"विहिरीत टाकली म्हणाली होतीस."

"त्या पाण्यात पोरं आंघोळ करतात. मन झालं नाही."

"मग इथे कशाला आणलीस?"

"तुमचं पाप उतरावं म्हणून. अहो, घरी चला."

"कसा येऊ? सगळं गाव बघतंय. आत्ता गेलो तर का गेलो म्हणतील."

सुंकम्मा जेवायला बसली नव्हती. ती घरी गेली होती, इथून चार पावलांवर. नाचणीच्या कणगीतून अकरा वर्षं ऐकलेली ती चौकट मला ठाऊक आहे. तिच्यातून खिळा ओढल्यासारखा आवाज आला. मग ती आली, पदराला गाठ मारून, आणि माझ्याशेजारी टेकली.

"अक्का, जेवली नाहीस?" बाषाने विचारलं.

"उपास आहे."

"आज कसला उपास?"

"आहे एक. अकरा वर्षं धरलाय."

बाषा भात आणायला वळला. तिने गाठ सोडली आणि नखाएवढा लोखंडाचा टवका माझ्या खाचेवर ठेवला. तो बरोबर बसला. अकरा वर्षांनी मी पुरी झाले.

तिने टवका पुन्हा गाठीत बांधला. नळाकडे पाहिलं. रडली नाही.

"अण्णा, मघाची हीच कोयती ठेव हं," ती बाषाला म्हणाली. "हाताला बसली आहे."

"तुझ्या हातात कुठे, अक्का? आधी ती त्याच्या हातात असते."

"ठाऊक आहे. त्याच्याच हातातून घेणार."

बाषा, तुझ्या पेटीत माझ्यासारखीच एक रबराची पडली आहे. यावेळी त्याच्या हातात ती दे. आवाज नाही आला तरी चालेल. दिग्दर्शक ओरडेल, ओरडू दे. मला स्वतःहून खाली पडता येत नाही. मी कुणाला अडवू शकत नाही. मी कधी कुणाला अडवलं नाही.

तिने आत्ता मला जरासं उचलून पाहिलं. तिचा तळवा ओला नव्हता. ओला हात हुकतो, चौकटीवर बसतो, हे मला ठाऊक आहे. तिचा हात कोरडा आहे, अगदी कोरडा.

"बाषा! पहिल्या रांगेची कोयती आण! ऊन उतरायच्या आत घ्यायचंय!"

मला बोलावतायत. ओबुलम्माला कुणीतरी एवढं सांगा, की मी ढिगावर पडून खणखणले तरी काही उतरलेलं नाही. आणि तिने आत्ताच्या आत्ता त्या दोघांच्या मध्ये जाऊन उभं राहावं, कारण मी डोक्यावर असताना, दोन आणि तीनच्या मध्ये, जर सुंकम्माने…