सातव्या ओळीवरची कोरी जागा

मी रेडाक्टोर बोलतोय. जर्मन भाषेतला एक शब्द. वर्तमानपत्रात दुसऱ्यांनी लिहिलेलं नीट करून छापायला सोडणाऱ्या माणसाला तिकडे माझ्या नावानं ओळखतात. बाई असेल तर रेडाक्टोरिन.

माझं मूळ लॅटिनमधलं. तिथे माझा अर्थ होता मागे घेऊन येणं. पुढे झाला, विखुरलेलं गोळा करून नीट लावणं. मग फ्रेंचांकडे वाढलो आणि दोन-सव्वादोनशे वर्षांपूर्वी जर्मनांच्या घरी गेलो. छापखान्याच्या गडबडीत छान रमलो होतो.

सध्या मुक्काम कतारमधलं लुसैल शहर, चौदावा मजला. मालविकाच्या वहीत, व्यवसायांच्या यादीत सातव्या ओळीवर. तिच्या लग्नाला तीन महिने झालेत. नवऱ्याची, संजीवची, पुढच्या वर्षी जर्मनीला बदली आहे, म्हणून ती ऑनलाइन वर्गात भाषा शिकते. बाईंनी सांगितलंय, प्रत्येक व्यवसायापुढे ओळखीच्या कुणावर तरी वाक्य लिहा. ‘शिक्षक’पुढे तिचे बाबा आहेत, ‘इंजिनिअर’पुढे संजीव. माझ्यापुढे काहीच नाही.

खरं तर नाशिकच्या एका दैनिकात ती चार वर्षं उपसंपादक होती. इथल्या ओळखपत्रावर ‘गृहिणी’ आलं.

“अगं, इथे सगळ्यांच्या बायकांचं तेच लिहितात,” संजीव म्हणाला.

“हं,” ती म्हणाली.

दिवसभर घरात एकटा एसी बोलतो.

काल वर्गात बाईंनी विचारलं, “मालविका, तुम्ही काय करता?” मी तिच्या ओठांपर्यंत आलो होतो. ती म्हणाली, “हाउसफ्राउ.” म्हणजे गृहिणीच. मी परत वहीत.

संध्याकाळी संजीवनं इथल्या मराठी मंडळाच्या हळदीकुंकवाचं निमंत्रण पुढे केलं. “मंडळाच्या अनुष्कावहिनींनी लिहून दिलंय. नुसती नजर टाक, उद्या छापायचंय.”

दहा मिनिटांत समास लाल झाला.

“बाप रे! वहिनींना फक्त ‘छान’ ऐकायचं होतं गं.”

“तारीख शनिवारची, वार लिहिलाय शुक्रवार. अर्ध्या बायका आदल्या दिवशीच येतील.”

“आणि हे कावळ्याच्या पायासारखं काय?”

“काकपद. इथे काहीतरी राहून गेलंय, हे दाखवायला.”

तो हसत उठला. ती मात्र पेन हातात धरून बसून राहिली. मग वही उघडली आणि माझ्यापुढच्या कोऱ्या जागेत एक काकपद काढलं. लाल, छोटंसं. लिहिलं काहीच नाही.

मालविका, मागे घेऊन येणं हे माझं जन्मापासूनचं काम. पण त्यासाठी आधी कुणीतरी माझा उच्चार करावा लागतो. गुरुवारी पुन्हा वर्ग आहे. बाई पुन्हा विचारतील. मी सातव्या ओळीवरच आहे.