मशीनमधला एक गिलास

संघपालने ती मशीन रिक्षातून उतरवली तेव्हा नंदिनीला वाटलं, याने कुणाच्या तरी घरचा मासे ठेवायचा टँक उचलून आणला.

मोहर्लीच्या एका रिसॉर्टने नवी मशीन घेतली आणि जुनी काढून टाकली. तिथल्या स्वयंपाकघरात काम करणारा राजदीप संघपालचा शाळेपासूनचा दोस्त. त्याने ती फुकटच देऊन टाकली. दोन पारदर्शक टाक्या, त्यातल्या एकीला तडा गेलेला. चांगल्या टाकीत आडवा थंड होणारा नळा आणि त्याच्याभोवती फिरणारा प्लास्टिकचा पंखा. सरबत ओतायचं, बटन दाबायचं, दीड-दोन तासांत भुसभुशीत बर्फ तयार. खाली तोटी. गिलास धरायचा आणि दांडी ओढायची.

"रिसॉर्टमंधी यात आंबा अन् रम टाकत होते," संघपाल म्हणाला. "पर्यटक नुसते तुटून पडत म्हने."

नंदिनी मशीनपासून एक पाऊल मागे सरली. संघपालला लगेच समजलं.

लग्नाला चौदा वर्षं झाली होती. राजुऱ्याच्या या घरात दारूची बाटली कधी आली नव्हती. संघपाल कोळशाच्या खाणीत कामाला. वर्षातून तीन-चारदा मित्रांसोबत बाहेर पिऊन यायचा, पण घरात नाही. तसं कुणी ठरवलं नव्हतं. नंदिनीच्या बाबांमुळे ते आपोआप ठरलं होतं.

बाबा म्हणजे सोमाजी, मूलच्या राइस मिलमधले मिस्त्री. मशीनचा आवाज ऐकून कोणतं बेअरिंग गेलं ते सांगणारा माणूस. पण वीस वर्षं ते प्यायले. नंदिनीचं बालपण त्या वीस वर्षांतच गेलं. तिची आईही त्याच वर्षांत गेली. मग जिल्ह्यात दारूबंदी असताना, ती चोरून आणि चौपट भावाने मिळत असताना, सोमाजींनी ती सोडली. बंदीमुळे नाही. एका सकाळी हात इतके थरथरले की मिलच्या पट्ट्यात बोट जाता जाता वाचलं, तेव्हा. त्याला नऊ वर्षं झाली. बंदी उठली, मूलच्या चौकात दुकानं उघडली, तरी सोमाजी त्या बाजूने गेले नाहीत.

"एकच संध्याकाळ," संघपाल म्हणाला. "आमच्या शिफ्टचे चौघं जन येतीन. शेहेचाळीस डिग्रीत खाली काम करून राह्यलो आमी सारा मे महिना. बाबा तं रविवारी येऊन राह्यले ना? शनिवारी करू. रविवारी सकाळी घर धुऊन देतो मी तुले."

सोमाजींना सोमवारी चंद्रपूरला मोतीबिंदू दाखवायचा होता, म्हणून ते रविवारी येणार होते. नंदिनीने विचार केला. ती सरकारी दवाखान्यात नर्स होती आणि या उन्हाळ्यात संघपालची पाठ घामोळ्यांनी कशी सोलवटली होती ते तिने रोज पाहिलं होतं.

"शनिवारी," ती म्हणाली. "अन् बाटली रात्रीच बाहेर गेली पाह्यजे."

शनिवारी संघपाल रात्रपाळी करून आला आणि झोपायच्या आधीच मशीनला लागला. बैंगनफल्ली आंब्यांचा रस, लिंबू, थोडी साखर आणि रमची अख्खी बाटली. मशीन घरघरायला लागली. दोन तास झाले तरी टाकीत नुसतं पिवळं पाणी फिरत होतं. शेवटी त्याने मुश्ताकभाईंना बोलावलं. मुश्ताकभाई दोन घरं सोडून राहायचे आणि साऱ्या राजुऱ्याचे फ्रिज-कूलर दुरुस्त करायचे.

त्यांनी मागची जाळी काढली, कॉम्प्रेसरवर हात ठेवला, नळ्याला बोट लावलं आणि हसले.

"मशीन एकदम बरोबर आहे. तुमचा मालच बरोबर नाई, भाऊ."

"म्हंजे?"

"मी पीत नाई, मले चव सांगता नाई येत. पन दारू गोठत नाई, इतकं समजते. एवढी टाकली तं सकाळपर्यंत पानीच राहीन. अर्धं काढून घ्या, उरलेल्यात रस अन् पानी वाढवा. अन् साखर टाका बरोबर. साखर कमी पडली तं दगडावानी गोठते अन् मशीनचा गियर तुटते."

मुश्ताकभाईंनी चहा घेतला आणि गेले. संघपालने अर्धं काढून एका डब्यात ठेवलं, रस आणि साखरेचा पाक वाढवला. बारा वाजेस्तोवर टाकीत पिवळा, मऊ, ओल्या वाळूसारखा बर्फ उभा राहायला लागला. त्याने नंदिनीला बोलावून दाखवला, लहान पोरासारखा खूश झाला आणि आतल्या खोलीत कूलरसमोर आडवा झाला. पाच मिनिटांत घोरायला लागला.

नंदिनी लिंबं, पनीर आणि कागदी प्लेटा आणायला बाजारात गेली. दुपट्टा डोक्याला गुंडाळून गेली तरी गल्लीच्या टोकाशी पोचेपर्यंत डोळे भाजत होते. दुकानात गर्दी होती. परत यायला तिला तासभर लागला.

मागचं दार उघडं होतं. आत, मशीनच्या समोर खुर्ची ओढून सोमाजी बसले होते. पायाशी कापडी पिशवी. स्टुलावर स्टीलचा गिलास. रिकामा. बाहेरच्या बाजूला आंब्याचा पिवळा ओघळ चिकटलेला.

नंदिनीच्या हातातली पिशवी तशीच राहिली.

"बाबा? तुमी आज कसे?"

"शेजारच्या गुनवंतरावची गाडी येऊन राह्यली होती इकडे, सोयरीक पाहाले. म्हने चला, काऊन उद्या बसनं मरता उनात." त्यांनी मशीनकडे मान केली. "मस्त थंड करते तुमची मशीन."

ती हो म्हणाली. पनीर फ्रिजमध्ये ठेवलं. हात धुतले. मग पुन्हा धुतले. गिलास रिकामा होता. आंब्याच्या वासात रमचा वास कळला नसेल? गोड, थंड, उन्हातून आलेला माणूस गटागटा पिऊन गेला असेल? दवाखान्यात तिने पाहिलं होतं, दहा-दहा वर्षं सोडलेली माणसं एका लग्नात एका घोटाने परत त्याच खाटेवर आलेली. त्यांच्या बायका म्हणायच्या, एकच घेतली होती हो मॅडम.

तिने आत जाऊन संघपालला हलवलं.

"बाबा आले. मशीनमधला गिलास प्याले वाटते."

तो ताडकन उठून बसला. झोपेने लाल झालेले डोळे, तोंड उघडं. "समजलं त्याइले?"

"मले काय माहीत!"

"मंग नको सांगू," तो कुजबुजला. "आंब्याचं सरबत समजून प्याले असतीन. पातळ केलेलं आहे, चढनार बी नाई. सांगितलं तं नऊ वर्षं मोडल्याचं दुख होईन मानसाले. मी आत्ता टाकी खाली करतो."

नंदिनी खाटेच्या कडेवर बसली. त्याचं म्हणणं तिला पटत होतं, म्हणूनच ते तिला नको होतं. आई असंच करायची. बाबांना काही सांगायची नाही, शेजाऱ्यांना सांगायची नाही, नंदिनीला सांगायची नाही. घरात सगळ्यांना सगळं माहीत असायचं आणि कुणीच बोलायचं नाही. उद्या बाबांना पुन्हा प्यावंसं वाटलं, तर ते का वाटतंय हेही त्यांना समजणार नाही.

"नाई," ती म्हणाली. "मी सांगतो."

ती बाहेर आली आणि सोमाजींच्या समोर फरशीवरच बसली. मशीन घरघरत होती. तिने आधी ती बंद केली.

"बाबा, याच्यात नुसता आंबा नव्हता. रम होती. यांचे मित्र येनार आहेत आज. तुमी उद्या येनार म्हनून आमी आज केलं. मी हो म्हनलं होतं. चूक माही आहे."

सोमाजींनी तिच्याकडे पाहिलं. मोतीबिंदूमुळे त्यांना नीट पाहायला मान थोडी तिरपी करावी लागायची.

"मले माहीत आहे," ते म्हणाले.

"काय माहीत आहे?"

"झाकन उघडलं ना म्या, का मशीन काय आहे पाहाव. वास आला. नऊ वर्षं झाले तरी नाक इसरत नाई, बाई." त्यांनी गिलास उचलला, पुन्हा ठेवला. "जवाई घोरत होते. तू नव्हती. दांडी ओढली अन् भरला. काऊन भरला, खरं सांगू? पिवाले भरला. म्हनलं एक गिलास, कोनाले समजते."

नंदिनीचे डोळे त्या रिकाम्या गिलासाकडे गेले.

"मंग इथी बसलो. थे पाघळून राह्यलं होतं अन् मी पाहून राह्यलो होतो. तुही आई आठवली, मिल आठवली, सारं आठवलं. अर्धा घंटा गेला असन. मंग उठलो अन् मोरीत टाकून देल्लं. तोच गिलास खंगाळून माठातलं पानी प्यालो दोनदा."

नंदिनीला विश्वास ठेवायचा होता. पण 'आज नाई घेतली, आई शपथ' हे वाक्य तिने याच तोंडून शेकडो वेळा ऐकलं होतं. लहानपणी आई तिला बाबांजवळ पाठवायची, जा, पपी घेऊन ये. सहा वर्षांची नंदिनी बाबांच्या गालाची पपी घ्यायची आणि परत येऊन आईला मानेनेच हो किंवा नाही सांगायची. तिला वाटायचं, बाबांना हे ठाऊक नाही.

सोमाजी खुर्चीतून पुढे वाकले. त्यांनी तोंड तिच्या तोंडाजवळ आणलं.

"घे वास," ते म्हणाले. "लाजू नको. तुही आई यासाठीच तुले पाठवे, हे मले समजत होतं तवाबी."

आणि त्यांनी मोठ्ठा श्वास सोडला.

कांद्याचा वास होता. सकाळच्या झुणक्याचा. थोडा बडीशेपेचा, थोडा उन्हातून आलेल्या म्हाताऱ्या माणसाचा. बाकी काही नाही. नंदिनी नर्स होती, तिच्या नाकाला फसवणं सोपं नव्हतं. तिने पुन्हा एकदा हुंगलं आणि मग तिचा चेहरा असा सैल पडला की सोमाजींनी घाबरून तिचं डोकं धरलं. ती रडत होती आणि हसतही होती. दारात उभा असलेला संघपाल भिंतीला टेकून हळूहळू खाली बसला.

"मामाजी," तो म्हणाला, "जीव गेला होता माहा."

"तुमचाच नाई," सोमाजी म्हणाले. "नऊ वर्षं मले भेव होतं, का एक दिवस दारू समोर येईन अन् कोनी पाहाले नसन, तवा काय होईन. आज आली समोर. आता भेव कमी झालं." त्यांनी बोट उगारलं. "पन दुसऱ्यांदा पाहाले नका लावू. कमी झालं म्हनलं, गेलं नाई म्हनलं."

"मी फेकून देतो सगळं," संघपाल उठला.

"फेकता काऊन? चार मानसं उनात मरमर मरून येऊन राह्यले. त्याइची संध्याकाळ काऊन मट्टी करता? दुसरीकडं न्या. इथी नको."

संघपालने फोन फिरवले. शिफ्टमधल्या एकाचं घर बामनवाड्याकडे होतं, मोठ्या गच्चीचं. साडेपाचला रिक्षा आली. मुश्ताकभाई न बोलावताच पुन्हा आले, कारण मशीन आडवी केली तर कॉम्प्रेसर बिघडतो म्हणून त्यांना धीर धरवत नव्हता. संघपाल आणि ते दोघं मशीन उभी धरून रिक्षात बसले. टाकीतलं पाघळलेलं सरबत डुचमळत होतं आणि मुश्ताकभाई रिक्षावाल्याला सांगत होते, "गड्ड्यातून नको रे बाबा, माह्या अंगावर सांडली तं घरी रुबीना मले आत नाई घेनार."

सोमाजी दारात उभं राहून खो खो हसले. नंदिनीने त्यांना असं हसताना खूप दिवसांत पाहिलं नव्हतं.

रिक्षा गेल्यावर तिने मोरी धुतली, फरशी पुसली, तो डबा आणि बाटलीही संघपालसोबत गेल्याची खात्री केली. मग भात टाकला, वरण फोडणीला दिलं, सुकट भाजली. सकाळपासून आपण काही खाल्लं नाही हे तिला भाताच्या वासानेच आठवलं. बापलेक समोरासमोर बसून जेवले. पनीर तसंच राहिलं. सोमाजी गुणवंतरावांच्या सोयरिकीचं सांगत राहिले, पोरगी कशी शिकलेली आहे, पोराचे कान कसे मोठे आहेत. नंदिनीने दुसऱ्यांदा भात घेतला, मग तिसऱ्यांदा.

जेवण होताच सोमाजी कूलरसमोर चटईवर आडवे झाले.

"सोमवारी गाडीत मले पुढं बसव," ते म्हणाले. "मागं उलटी होते."

"बसवतो," नंदिनी म्हणाली.

ते झोपले. ती तिथेच भिंतीला टेकून, पाय पसरून बसली. भांडी घासायची राहिली होती. ती उठली नाही.